पुस्तके किती, जर्नल्स किती? महाविद्यालयीन ग्रंथालयाचा खर्च वाटण्याची रीत

चवथीची सुट्टी संपून महाविद्यालय पुन्हा भरले की आठ-दहा दिवसांत माझ्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या जर्नल्सची, म्हणजे संशोधनपर नियतकालिकांची, यादी येते. जर्नलचे नाव, वर्षाचे अंक, वर्गणी, चलन, रुपयांतली रक्कम आणि खाली ठळक अक्षरांत मुदत. त्याच टेबलाच्या खणात पुस्तकमागणीच्या चिठ्ठ्या असतात. कुणी वहीच्या कागदावर लिहिलेल्या, कुणी फोटो काढून पाठवलेल्या आणि मी उतरवून ठेवलेल्या. चिठ्ठीवर मुदत नसते, यादीवर असते. म्हणून यादीचे पैसे आधी जातात आणि चिठ्ठ्या खणात राहतात. अनेक वर्षे मीही असेच करत आले.

पदवी महाविद्यालयात पुस्तकांचा वाटा कमी होतो तो कुणी ठरवून केलेला नसतो. जर्नल्सचे बिल आधी येते आणि पुस्तके उरलेल्यावर भागवली जातात, एवढ्याने तो कमी होतो. हा क्रम उलटा करायला हवा. पुस्तकांचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि जर्नल्सची निवड उरलेल्या रकमेत करायची. गोव्यात पदवी, पदव्युत्तर किंवा लहान संशोधन केंद्राचे ग्रंथालय सांभाळणाऱ्यांसाठी आणि ग्रंथालय समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांसाठी हे काम क्रमाने कसे करायचे ते पुढे लिहीत आहे.

पहिली पायरी: पाच वर्षांचा खर्च नीट मांडा

पाच वर्षांची बिले काढा आणि एका तक्त्यात भरा. बहुतेक ठिकाणी ‘पुस्तके’ आणि ‘नियतकालिके’ असे दोनच रकाने असतात. तेवढ्यावर भागत नाही. मी पाच करते: विकत घेतलेली पुस्तके, छापील जर्नल्स, ऑनलाइन वर्गण्या, वर्तमानपत्रे व मासिके, आणि बाइंडिंग.

रकाने फोडायचे कारण साधे आहे. पुस्तक एकदा घेतले की खर्च संपतो. पुढच्या वर्षी घेतले नाही तरी आधीचे कपाटात राहते. जर्नल ही दरवर्षीची बांधिलकी. ऑनलाइन जर्नलची वर्गणी थांबवली की पुष्कळदा मागचे अंकही बंद होतात, कारण आपण ते विकत घेतलेले नसून भाड्याने वापरत असतो. वार्षिक वर्गणीवर मिळणारा ई-पुस्तकांचा संच तर नावाने पुस्तक आणि स्वभावाने जर्नल. तो पुस्तकांच्या रकान्यात टाकला की पुस्तकांवर बराच खर्च झाल्यासारखा दिसतो आणि वर्षाअखेरीस कपाटात एकही नवे पुस्तक नसते. असे संच वर्गण्यांतच धरा.

वर्तमानपत्रे वेगळी काढा. सकाळी नऊला वाचनकक्षात सर्वात आधी हात जातो तो त्यांच्याकडे. मराठी, कोंकणी, इंग्रजी मिळून पाच-सहा दैनिके असतात. त्यांचा खर्च जर्नल्समध्ये मिसळला तर जर्नल्स किती वाचली जातात याचा अंदाज चुकतो.

दुसरी पायरी: पुढच्या पाच वर्षांचे गणित करून पाहा

ही आकडेमोड समितीसमोर कागदावर करून दाखवा, तोंडी सांगू नका. समजा ग्रंथालयाला वर्षाला ६ लाख मिळतात आणि आज ती रक्कम निम्मी-निम्मी वाटली आहे. ग्रँट वाढत नाही, वर्गण्या मात्र दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतात असे धरू. ३ लाखांच्या वर्गण्या पुढच्या वर्षी ३ लाख २४ हजार होतात, मग साडेतीन लाख, पावणेचार लाखांच्या थोड्या वर, चार लाख आठ हजार, आणि पाचव्या वर्षी सुमारे ४ लाख ४१ हजार. पुस्तकांना १ लाख ५९ हजार उरतात. तोवर पुस्तकेही महागलेली असतात. सरासरी ६०० रुपयांचे पुस्तक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढून ७६६ रुपयांचे झाले असेल, तर पूर्वी वर्षाला ५०० पुस्तके येत होती तिथे २०७ येतील. या पाच वर्षांत एकही नवे जर्नल घेतलेले नाही, फक्त चालू असलेली चालू ठेवली आहेत.

मोठमोठ्या विद्यापीठांनाही हे चुकले नाही. उत्तर अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेचे आकडे पाहिले तर १९८६ ते २००० या काळात जर्नल्सवरचा खर्च जवळपास तिप्पट झाला आणि त्याच काळात विकत घेतलेल्या पुस्तकांची संख्या घटली. एखाद्या जर्नलला पर्याय म्हणून दुसरे घेता येत नाही, म्हणून प्रकाशक किंमत वाढवू शकतो. पुढे १९९० च्या दशकात प्रकाशकांनी सगळी जर्नल्स एका गठ्ठ्यात विकायला सुरुवात केली. हवी असलेली वीस हवीत तर नको असलेली दोनशेही घ्या, असा तो व्यवहार. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी करार थांबवला आणि २०२१ मध्ये वेगळ्या अटींवर पुन्हा केला. तेवढी ताकद आपल्यापाशी नाही, पण काय हवे आणि काय नको हे सांगण्याची सवय आपल्यालाही लावून घेता येते.

आपल्याकडे यात रुपयाच्या घसरणीची भर पडते. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशीवर गेला. प्रकाशकाने एक सेंटही वाढवला नसता तरी त्याच परदेशी जर्नलला दहा वर्षांत ४० टक्के जास्त रुपये मोजावे लागले असते.

तिसरी पायरी: जे आधीच मिळते ते तपासा

सर्वात जास्त बचत इथे होते. या पायरीला आठवडा लागला तरी लागू द्या.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. वर्गणी सरकार एकत्र भरते आणि संस्थांना ई-जर्नल्स वाचायला मिळतात. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स. काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालते. योजना केंद्र व राज्य सरकारच्या अखत्यारीतील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. म्हणजे साखळी, खांडोळा, केपे इथली शासकीय महाविद्यालये या गटात मोडतात. गोव्यातली बरीच महाविद्यालये मात्र खासगी संस्थांची, अनुदानित आहेत. त्यांनी गृहीत धरू नये, पोर्टलवर आपले नाव आहे का ते आधी पाहावे.

अनुदानित महाविद्यालयांसाठी २०१० पासून एन-लिस्ट ही ई-साधनांची योजना आहे. तिचे वार्षिक शुल्क अनेक वर्षे जीएसटीसह ५,९०० रुपये राहिले आहे, आणि त्यात सहा हजारांहून अधिक ई-जर्नल्स आणि लाखांच्या घरात ई-पुस्तके मिळत आली आहेत. चालू वर्षाची यादी उतरवून घ्या. आमच्याकडे एका परदेशी जर्नलची छापील वर्गणी आम्ही तीन वर्षे भरत होतो आणि तेच जर्नल एन-लिस्टमध्ये होते. कुणी पाहिलेच नव्हते. ती चूक माझी होती. यादी शोधून तपासणे ग्रंथपालाचे काम आहे.

तपासण्याची रीत अशी. आपल्या प्रत्येक जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे त्या नियतकालिकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, एका रकान्यात लिहा. शेजारच्या रकान्यांत: राष्ट्रीय योजनेत आहे का, एन-लिस्टमध्ये आहे का, मुक्त प्रवेशाने मोफत आहे का, आणि असल्यास कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. हा शेवटचा रकाना कधीही वगळू नका. काही संचांत ताजे बारा महिने रोखून ठेवलेले असतात. इतिहासाला त्याने फारसे बिघडत नाही, जैवतंत्रज्ञानाला फार बिघडते. नावावर विसंबू नका, क्रमांकानेच शोधा. एकसारख्या नावांची जर्नल्स ढिगाने आहेत.

मुक्त प्रवेशाची जर्नल्स डीओएजे या निर्देशिकेत सापडतात. भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्स संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांना ‘रेझोनन्स’ दाखवा, वर्गणी न भरता मिळते. पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहे.

आणि शेजारी कोण आहे तेही पाहा. गोवा लहान आहे, ही आपली मोठी सोय. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरविज्ञानाची जर्नल्स आहेत, आल्त पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये गोव्याच्या इतिहासाची साधने आहेत, ताळगाव पठारावर विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, आणि पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ सालची. प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन विद्यार्थ्याला पाठवता येते. एका एमएस्सीच्या मुलीसाठी महागडे जर्नल सुरू करण्यापेक्षा तिला दोना पावलाला पाठवणे दोघांच्याही हिताचे.

चौथी पायरी: पुस्तकांची रक्कम आधी बाजूला काढा

आता प्रश्न प्रमाणाचा. सर्वांना लागू पडेल असे एकच प्रमाण नाही, कारण विषयांच्या वाचनाच्या सवयी वेगळ्या आहेत. मराठी, कोंकणी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय पुस्तकांवर चालतात. तिथे तीस वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही लागते. रसायनशास्त्र, वैद्यक, जैवतंत्रज्ञान जर्नल्सवर चालतात. वाणिज्यात पाठ्यपुस्तकेच भरपूर लागतात, पण करकायदा बदलला की गेल्या वर्षीची आवृत्ती निरुपयोगी ठरते. म्हणून वाणिज्याच्या पुस्तकखर्चाकडे जवळपास वर्गणीसारखेच पाहावे लागते.

माझे मत असे. कला-वाणिज्य पदवी महाविद्यालयात एकूण रकमेच्या किमान ६५ टक्के पुस्तकांसाठी बाजूला काढावे. विज्ञान शाखा आणि एक-दोन पदव्युत्तर विभाग असतील तर ५५. पीएचडी केंद्र असलेल्या विज्ञान विभागासाठी हे उलटे होईल आणि ते योग्यच आहे. हे आकडे कुठल्या नियमात नाहीत, माझ्या अनुभवावरून सांगते. पण कुठला तरी आकडा वर्षाच्या सुरुवातीला समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. एकदा लिहिला की जर्नल्सची यादी आल्यावर तुमच्या हाताशी आधार असतो.

पुस्तकांच्या बाजूने इतके बोलते त्याचे एक कारण आमचे विद्यार्थी आहेत. सत्तरीतून, काणकोणातून येणारा मुलगा शेवटची कदंब बस गाठायला दुपारी साडेचारलाच ग्रंथालयातून उठतो. घरी गेल्यावर नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते. पीडीएफ त्याच्या मोबाइलवर उघडते, पण चाळीस पानांचा लेख पाच इंची पडद्यावर वाचून टिपणे काढणे काय असते ते त्याला विचारा. पिशवीत घालून नेलेले पुस्तक त्याच्याबरोबर घरी जाते. आमच्या देवघेवीच्या नोंदी पाहिल्या तर शुक्रवारी दुपारी सर्वाधिक पुस्तके जातात.

दुसरे कारण गोव्याची पुस्तके. इथले मराठी, कोंकणी किंवा पोर्तुगीज काळावरचे पुस्तक बहुतेकदा लहान प्रकाशकाकडून किंवा लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने थोड्या प्रतींत निघते. प्रकाशन समारंभात काही विकली जातात, काही भेट दिली जातात आणि दोन वर्षांत पुस्तक मिळेनासे होते. पुनर्मुद्रण क्वचितच. जर्नलचा लेख पाच वर्षांनीही कुठून तरी मिळवता येईल. जात्रेवर, खाजन शेतीवर, एखाद्या गावाच्या इतिहासावर लिहिलेले पुस्तक तेव्हा घेतले नाही तर नंतर घेता येत नाही. म्हणून पुस्तकांच्या रकमेतले १० टक्के ‘गोमंतक कपाटा’साठी वेगळे ठेवा. ते कुठल्याही विभागाच्या वाट्यात धरू नका आणि वर्षअखेरीस दुसरीकडे वळवू नका. ग्रंथपालाला स्वतःच्या अधिकारात, समारंभाच्या टेबलावर तिथल्या तिथे दोन प्रती घेता याव्यात. त्यासाठी लहान रकमेच्या रोख खरेदीची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

पाचवी पायरी: विभागांत वाटणी

समान वाटणी सोपी असते आणि भांडण होत नाही, पण न्याय होत नाही. मागेल त्याला द्यायचे म्हटले तर जो प्राध्यापक आठवण करून देतो त्याचाच विभाग भरतो. मी तीन गोष्टी धरते: विद्यार्थीसंख्येला ४० टक्के वजन, विषयातल्या पुस्तकाच्या सरासरी किमतीला ३०, आणि गेल्या दोन वर्षांच्या देवघेवीला ३०.

उदाहरण घेऊ. पुस्तकांसाठी ३ लाख ६० हजार आहेत. गोमंतक कपाटाचे ३६ हजार आणि संदर्भग्रंथ, स्पर्धा परीक्षा, अचानक येणारी मागणी यांसाठी हातचे राखलेले ५४ हजार वजा केले की २ लाख ७० हजार उरतात. समजण्यासाठी तीनच विभाग धरू. विद्यार्थी: मराठी २० टक्के, रसायन २५, वाणिज्य ५५. सरासरी किंमत: मराठी ३०० रुपये, रसायन ९००, वाणिज्य ६००. तिन्ही किमतींच्या बेरजेत त्यांचे वाटे सुमारे १६.७, ५० आणि ३३.३ टक्के येतात. देवघेव: मराठी ३०, रसायन २०, वाणिज्य ५०. आता प्रत्येकाला वजनाने गुणून बेरीज करा. मराठी ८ अधिक ५ अधिक ९, म्हणजे २२ टक्के. रसायन १० अधिक १५ अधिक ६, म्हणजे ३१. वाणिज्य २२ अधिक १० अधिक १५, म्हणजे ४७. रुपयांत अनुक्रमे ५९,४००, ८३,७०० आणि १,२६,९००.

रुपयांत पाहिले तर मराठीला कमी मिळाल्यासारखे वाटते. पण पुस्तके मोजा: मराठीची १९८, रसायनाची ९३, वाणिज्याची २११. समितीला दोन्ही आकडे द्या, नाहीतर एक तरी विभाग नाराज होऊन उठतो.

सूत्र हा आरंभ आहे, त्यावर विचार थांबवू नका. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, कौशल्याचे, मूल्यवर्धनाचे पेपर आले. ज्या पेपरला आपल्याकडे एकही पुस्तक नाही, त्याची देवघेव शून्यच दिसणार. सूत्र त्याला कधीच पैसे देणार नाही. म्हणून दर जूनमध्ये अभ्यासक्रमाच्या संदर्भसूची काढून आपल्या कॅटलॉगशी ताडून पाहते. जे पेपर उघडे पडलेले दिसतात त्यांच्यासाठी राखीव रकमेतून आधी घेते.

सहावी पायरी: प्रत्येक जर्नलला एका वाचनाची किंमत लावा

वर्षाची वर्गणी भागिले वर्षातला वापर. १२ हजारांचे जर्नल वर्षात आठ वेळा उघडले गेले असेल तर एका वाचनाला दीड हजार रुपये पडले. २,४०० रुपयांचे साठ वेळा वाचले गेले तर चाळीस रुपये.

अडचण वापर मोजण्याची आहे. ऑनलाइन जर्नल्ससाठी प्रकाशक काउंटर नावाच्या मानकानुसार अहवाल देतात. तो मागून घ्या आणि त्यातले मोफत लेख वगळलेला आकडा धरा, कारण मोफत लेख वर्गणी न भरताही वाचता आले असते. छापील जर्नल्ससाठी आमची पद्धत साधी आहे. कपाटावर पाटी लावतो: ‘वाचून झालेला अंक परत ठेवू नका, टेबलावरच ठेवा.’ रोज संध्याकाळी शिपाईमामा टेबलावरचे अंक उचलताना प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढतात. जुलैत चार आठवडे आणि जानेवारीत चार आठवडे मोजले की चित्र स्पष्ट होते. पहिल्या वर्षी एका जाड, गुळगुळीत कागदाच्या परदेशी जर्नलच्या कागदावर आठ आठवड्यांत एकही रेघ पडली नाही. अंकाचे प्लास्टिक वेष्टनही तसेच होते. शेजारी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या कागदावर रेघा मोजायला जागा उरली नव्हती.

१९३४ साली सॅम्युअल ब्रॅडफर्ड या इंग्रज ग्रंथपालाने दाखवून दिले की एखाद्या विषयातले पुष्कळसे उपयुक्त लेख थोड्याच जर्नल्समध्ये एकवटलेले असतात, आणि बाकीचे शेकडो जर्नल्सवर विखुरलेले. त्या थोड्या जर्नल्सपर्यंत पैसे घाला. विखुरलेल्यांतला एखादा लेख लागला तर तो मागवा.

पण केवळ आकड्यावर कुऱ्हाड चालवू नका. ‘भाषा आणि जीवन’, ‘अर्थसंवाद’ यांसारख्या मराठी नियतकालिकांची वर्गणी परदेशी जर्नलच्या मानाने अगदी थोडी असते. वाचक मोजकेच असले तरी ती ठेवावीत. तिथे लिहिलेले दुसऱ्या कुठल्या संचात मिळत नाही आणि आपल्या वर्गणीवरच ती तगतात. महागड्या जर्नलच्या बाबतीत विभागप्रमुखांना तीन याद्या करायला सांगा: याविना चालणारच नाही, असल्यास बरे, बंद केले तरी चालेल. ‘याविना चालणार नाही’ या यादीतल्या प्रत्येक जर्नलपुढे गेल्या वर्षी त्यातला कुठला लेख वर्गात किंवा संशोधनात वापरला ते लिहायला सांगा. यादी आपोआप लहान होते.

एक सावधगिरी. भरमसाट नावांची आणि दर्जा नसलेली भारतीय जर्नल्स स्वस्त वर्गणीत महाविद्यालयांच्या गळ्यात मारली जातात. पूर्वी दर्जेदार जर्नल्सच्या यूजीसी-केअर यादीचा आधार होता. ती यादी बंद करत असल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, अंक वेळेवर निघतो का, लेख तपासायला किती दिवस घेतात, हे पाहा. ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’ असे छापणाऱ्या जर्नलवर एक रुपयाही घालू नका.

सातवी पायरी: वेळापत्रक आणि पैसे भरणे

आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्नल्सचे जानेवारी ते डिसेंबर. म्हणून जर्नल्सचा निर्णय ऑगस्ट-सप्टेंबरात, ऑर्डर ऑक्टोबरात, पैसे डिसेंबरपर्यंत. पुस्तकांची पहिली आणि मोठी ऑर्डर मात्र जून-जुलैतच जावी, निदान ६० टक्के रकमेची. एकदा पुस्तकांचे पैसे वेळेवर खर्च झाले की यादी आल्यावर त्यांना हात लावता येत नाही.

मार्चमधली खरेदी कशी होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. महिन्याचे शेवटचे चार दिवस उरलेले, विक्रेत्याचा टेम्पो फाटकात उभा, खोकी उतरताहेत आणि त्यात मागितलेल्यापेक्षा न मागितलेलीच जास्त. ग्रँट परत जाऊ नये म्हणून एकाच पुस्तकाच्या वीस प्रती घेतल्या जातात. त्या प्रती आजही कपाटात खालच्या फळीवर कोऱ्या आहेत.

छापील जर्नल्सचे पैसे आगाऊ द्यावे लागतात, इथेच फसगत होते. एका वर्षी आमच्या पुरवठादाराने पूर्ण रक्कम घेतली, पहिले दोन अंक आले आणि नंतर काहीच नाही. फोन उचलेनासे झाले. प्रकाशकाला थेट लिहिले तेव्हा कळले की आमची वर्गणी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तेव्हापासून तीन नियम पाळते. भारतीय जर्नल्सची वर्गणी शक्यतो थेट प्रकाशकाला. पुरवठादारामार्फत घेतल्यास प्रकाशकाला पैसे भरल्याची पावती महिन्याभरात मागायची. आणि न आलेल्या अंकासाठी सहा आठवड्यांच्या आत लेखी स्मरणपत्र, कारण उशिरा मागितलेला अंक प्रकाशकही देत नाही. अंक आला त्याच दिवशी नोंद झाली नाही तर कुठला राहिला हे कळणारही नाही.

परदेशी पुस्तकांच्या बिलावर चलनाचा दर प्रकाशक-विक्रेत्यांच्या गुड ऑफिसेस कमिटीचा लावला आहे की बँकेचा, ते करारातच ठरवून घ्या. सूट किती यावर तासभर घासाघीस होते आणि दराकडे कुणी पाहत नाही, तिथे सूट परत जाते. छापील पुस्तकांवर आणि जर्नल्सवर जीएसटी नाही, ई-पुस्तकांवर आहे. तुलना करताना करासकट किंमत धरा.

बाइंडिंगबद्दल थोडे. आपल्या पावसात जून ते सप्टेंबर बंद कपाटातले बांधीव खंड दमट होतात. जुलैत एकदा खालचा कप्पा उघडला तर वास आधी आला. पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी, कडांना कसर लागलेली. ज्या जर्नलचे जुने अंक ऑनलाइन कायमचे मिळतात त्याच्या बाइंडिंगवर पैसे घालू नका. जे कुठेच मिळत नाही, म्हणजे पुन्हा मराठी-कोंकणी नियतकालिके, तेवढेच बांधा आणि वाऱ्याच्या बाजूला, भिंतीपासून दूर ठेवा.

आठवी पायरी: समितीसमोर ठेवणे आणि बंद केल्यानंतर

समितीला एका पानाचा कागद द्या: पाच वर्षांचा खर्च, पुढच्या पाच वर्षांचे गणित, बंद करायच्या जर्नल्सची नावे आणि प्रत्येकापुढे तेच किंवा पर्यायी कुठे मिळेल ते. ‘जर्नल्स कमी केली तर नॅकच्या मूल्यांकनात गुण जातील’ ही भीती बैठकीत हमखास निघते. संलग्न महाविद्यालयांसाठीच्या नॅकच्या आधीच्या नियमावलीत ४.२.३ हा निकष पुस्तके आणि जर्नल्स यांवरचा एकत्रित वार्षिक सरासरी खर्च विचारत असे. पैसे जर्नल्सवरून पुस्तकांकडे वळवले तर ती बेरीज कमी होत नाही. ई-साधनांच्या वर्गणीचा निकष वेगळा होता, तिथे एन-लिस्टसारख्या गोष्टींची नोंद होई. आपल्याला लागू असलेल्या नियमावलीत हे कसे आहे ते पाहा आणि ते पान छापून बैठकीला न्या.

एकदम दहा जर्नल्स बंद करू नका. पहिल्या वर्षी तीन-चार करा, ती विभागांना सहा महिने आधी कळवा, आणि ‘मागितले पण आपल्याकडे नाही’ अशी एक वही काउंटरवर ठेवा. बंद केलेल्या जर्नलमधला लेख कुणी मागितला की तारीख, नाव, लेखाचे शीर्षक आणि तो कुठून मिळवून दिला हे लिहा. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असाल तर तिथून मागवता येतो, लेखकाला ई-मेल केली तर बहुतेक वेळा लेखक आनंदाने पाठवतो, विद्यापीठातल्या सहकाऱ्याला फोन करता येतो. दोन दिवसांत लेख हातात पडला तर प्राध्यापकांची तक्रार राहत नाही. एखादे जर्नल वर्षभरात पाच-सहा वेळा मागितले गेले तर ते विनासंकोच पुन्हा सुरू करा.

पुस्तकांनाही हीच कसोटी लावा, नाहीतर आपण एकतर्फी ठरू. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या १९७० च्या दशकातल्या प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत दाखल तारीख आणि देवघेवीची संख्या यांवरून अशी यादी काही मिनिटांत निघते. मी दर मे महिन्यात तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या पुस्तकांची ती यादी काढते आणि ज्या प्राध्यापकाने चिठ्ठी दिली होती त्याला त्याच्या पुस्तकांपुरती दाखवते. दोष देण्यासाठी नाही. पुष्कळदा ते म्हणतात, ‘अहो, हे आलं होय? मला सांगितलंच नाही कुणी.’ म्हणून आता पुस्तक दाखल झाले की चिठ्ठीवर दाखल क्रमांक घालून ती त्यांच्या कप्प्यात परत ठेवते.